घोट्याचे बंध



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आम्हाला शाळेत पी.टी.ला होते. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवल्याचं मला आठवत नाही. त्यांची हाक पुरायची. म्हणून कार्यकर्त्यांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'घोटा' असं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग अदबीने प्रश्न आला, "सर, त्याऐवजी गुडघा घेता का? आपला श्रोतृवर्ग साठीच्या पुढचा आहे."

गुडघ्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं, आणि घोट्याचा सांधा हाताखाली आला की प्रत्येक वेळी मला गुरुजी आठवले. कारण तसंच आहे.

साल १९६८ असावं. आंतरशालेय कबड्डीचा सामना होता. चढाईला गेलो आणि परतताना उडी मारली. पाय जमिनीवर न पडता समोरच्या गड्याच्या पावलावर पडला आणि तळवा आत वळला. 'कट्' असा आवाज मला ऐकू आला. इतरांना आला का, ठाऊक नाही. दहा मिनिटांत घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज. संध्याकाळी घरच्यांनी हाडाची जाण असलेल्या एकाला बोलावलं. त्याने सुजलेला पाय मांडीवर घेऊन असा काही पिळला, की पुढे तो प्रसंग मी विद्यार्थ्यांना 'काय करू नये' या सदरात कायम सांगत आलो.

गुरुजी तिसऱ्या दिवशी घरी आले. पाय उशीवर ठेवायला लावला, फडकं बांधून दिलं आणि गेले. दोनेक आठवड्यांनी मी चालू लागलो, तेव्हा मला शाळेमागच्या शेतात घेऊन गेले. बांधावर दुखऱ्या पायावर उभं राहायला सांगितलं. दुसरा पाय वर, हात मोकळे. ते जमलं तर डोळे मिटून. मी तीन मोजायच्या आत खाली. मी म्हटलं, "गुरुजी, दुखत तर नाही आता." ते म्हणाले, "दुखत नाही, पण पायाला अजून जमीन कळत नाही."

हे वाक्य मला समजायला बारा-पंधरा वर्षं लागली. ते कसं समजलं, हेच आजचं व्याख्यान.

आता एक विनंती. सभेत शोभणार नाही, पण एक पाय चपलेतून बाहेर काढा आणि हात घोट्याला लावा. अंगठा आतल्या उंचवट्यावर, तर्जनी बाहेरच्या उंचवट्यावर. पैंजण किंवा वाळा जिथे येऊन टेकतो ते हे उंचवटे. दोन्ही एका पातळीत नाहीत, हे बोटांना कळेल. बाहेरचा सुमारे सेंटिमीटरभर खाली उतरलेला आहे आणि थोडा मागेही आहे. आतला उंचवटा म्हणजे नडगीच्या जाड हाडाचं, टिबियाचं, टोक. बाहेरचा म्हणजे त्याच्या शेजारून जाणाऱ्या काडीसारख्या हाडाचं, फिब्युलाचं, टोक. या दोन टोकांमध्ये आणि वरच्या छतामध्ये मिळून एक खाच तयार होते. त्या खाचेत खालून एक हाड येऊन बसतं, ते टेलस. सुतार चौकट जोडताना एका लाकडाला भोक पाडतो आणि दुसऱ्याचं कुसू त्यात बसवतो, तशी ही जोडणी. इंग्रजी पुस्तकांनीही या सांध्याला नाव सुताराच्याच कामावरून दिलं आहे.

फरक एवढाच, की सुताराचं कुसू घट्ट बसलं की काम झालं. इथे कुसू बसलेलंही हवं आणि फिरतंही हवं.

टेलस हे विलक्षण हाड आहे. पावलात एकंदर २६ हाडं, त्यांत मागच्या अंगाची सात. टाचेच्या हाडानंतर त्यांत मोठं हेच. सगळ्या देहाचा भार याच्यावरून पुढे चवड्याकडे आणि मागे टाचेकडे वाटला जातो, आणि तरी या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही. साठ टक्क्यांच्या आसपास पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला. त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी, आणि म्हणूनच या हाडाची मान मोडली तर हाड आतून मरण्याची भीती असते. वरची बाजू गाडीच्या चाकाच्या तुकड्यासारखी, पण पुढे रुंद आणि मागे अरुंद. हा दोन-तीन मिलिमीटरचा फरक लक्षात ठेवा, त्याच्यावर पुढे बरंच अवलंबून आहे. (जाता जाता: ग्रीक आणि रोमन लोक शेळ्या-मेंढ्यांची हीच हाडं फासे म्हणून टाकत. 'टेलस' हे नाव त्या फाशाचंही होतं. आपल्याकडे वेदकाळात जुगारी बेहड्याची फळं वापरत, त्यामुळे आपला जुगार तेवढा शाकाहारी.)

तर चवडा वर उचलला, किंवा पाय जमिनीवर ठेवून नडगी पुढे झुकवली, की टेलसचा रुंद भाग खाचेत शिरतो आणि सांधा पाचरीसारखा आवळला जातो. टाच उचलून चवड्यावर उभं राहिलं, की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. उडीवरून खाली येताना पाऊल याच सैल अवस्थेत असतं. जिना उतरताना एक पायरी चुकते तेव्हाही तसंच. मुरगळ्याचं निम्मं उत्तर एवढ्यातच आहे. त्या क्षणी हाडांची चौकट काही करू शकत नाही. तेव्हा सगळी भिस्त बंधांवर.

इथे भाषेचा एक घोळ निस्तरायला हवा. आज आपण मराठीत 'स्नायू' म्हणतो ते मांसाला, दंडाला बेटकुळी येते त्याला. सुश्रुतसंहितेतला 'स्नायु' वेगळा. तो बांधणारा, दोरीसारखा, पट्ट्यासारखा. मांसाला तिथे 'पेशी' म्हटलं आहे. सुश्रुताने सांधे २१० मोजले, पेशी ५०० आणि स्नायू ९००. आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही, मोजण्याची रीत वेगळी होती. पण शारीरस्थानात तो एक दृष्टान्त देतो तो शरीररचनेच्या कुठल्याही पुस्तकाने मान खाली घालून घ्यावा असा आहे. फळ्या एकमेकींना अनेक बंधनांनी नीट बांधल्या म्हणजे नाव पाण्यात माणसांचा भार सोसते. देहातले सांधे स्नायूंनी असेच बांधलेले, म्हणून माणूस भार सोसतो. त्यापुढे तो असंही म्हणतो, की हाड, पेशी, शीर किंवा सांधा यांना इजा झाल्याने जेवढं नुकसान होत नाही तेवढं स्नायूला झाल्याने होतं.

हे त्याला कसं दिसलं असेल? शवपरीक्षेची त्याची पद्धत अशी, की प्रेत गवतात वगैरे गुंडाळून पिंजऱ्यात ठेवून नदीच्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. आमच्या फॉर्मालिनच्या टेबलावर सुरी सगळं सारखंच कापते. कुजण्यात मऊ ते आधी जातं, चिवट ते मागे राहतं. माझा अंदाज असा, की बंधांचं महत्त्व त्या पद्धतीत आपोआपच वर आलं. घोट्याला तो गुल्फ म्हणतो, तिथे मर्म सांगतो, आणि त्या मर्माला इजा झाली तर वेदना, पाय ताठणं किंवा लंगडेपण येतं असं नोंदवतो. आमचा दवाखान्यातला केसपेपर आजही याहून वेगळं लिहीत नाही.

आता ते बंध. आतल्या अंगाला एकच, पण पंख्यासारखा पसरलेला, त्रिकोणी, दोन थरांचा. त्याला डेल्टॉइड म्हणतात. तो इतका दणकट, की जोराचा ताण आला तर पुष्कळदा तो तुटत नाही, हाडाचा कपचा घेऊन उखडतो.

बाहेरच्या अंगाला तीन. मागचा आडवा, मजबूत, क्वचितच तुटणारा. मधला दोरीसारखा गोल, फिब्युलाच्या टोकापासून खाली आणि मागे टाचेच्या हाडापर्यंत जाणारा. तो घोट्याचा सांधाही ओलांडतो आणि त्याखालचा सांधाही. आणि पुढचा. नाव लांबलचक आहे, अँटीरिअर टॅलोफिब्युलर लिगामेंट. तुमची तर्जनी अजून बाहेरच्या उंचवट्यावर असेल तर ती पुढे आणि किंचित खाली सरकवा. एक मऊ खळगा लागेल. तिथे, कातडीपासून फार खोल नाही, तो आहे. दोन-अडीच सेंटिमीटर लांब, जाडी दोनेक मिलिमीटर. माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी तो पहिल्या दिवशी चरबी समजून साफ करून टाकला असेल. ज्यांनी देहदान केलं त्यांची मी मनातल्या मनात कितीदा माफी मागितली आहे.

प्रयोगशाळेत यंत्रावर ताणून पाहिलं तेव्हा हा पुढचा बंध सुमारे १४० न्यूटन ओढीला तुटला, म्हणजे साधारण १४ किलो वजन टांगल्याएवढ्या. मधला ३५० न्यूटनच्या आसपास आणि आतला डेल्टॉइड ७०० न्यूटनच्या पुढे. चालताना सांध्यावरचा दाब देहाच्या वजनाच्या पाचपटीपर्यंत जातो, आणि त्या सांध्याच्या ज्या कोपऱ्यावर सर्वांत जास्त संकट येतं तिथे सर्वांत लेचापेचा पहारेकरी. वर बाहेरचं हाड खाली उतरलेलं, त्यामुळे पाऊल बाहेर वळायला अडसर आहे आणि आत वळायला वाट मोकळी.

ही चूक आहे का? मी तरुणपणी वर्गात 'निसर्गाची गफलत' असं म्हणत असे. आता म्हणत नाही. पाऊल सपाट असतं तेव्हा पुढचा बंध जवळजवळ आडवा असतो आणि त्याच्यावर फारसा ताण नसतो. चवडा खाली गेला की तो उभा होतो आणि तेव्हा एकट्याने झेलतो. चवडा वर आला की मधला उभा होतो. दोघांनी पाळ्या वाटून घेतल्या आहेत. पुढचा बंध जाड दोरखंडासारखा असता तर चवडा खाली जाताना सांधाच अडला असता, आणि चवड्यावर जोर देऊन पुढे रेटता येत नसेल तर धावणंच संपलं. बारीक बंध ही वेगाची किंमत आहे.

आणखी एक बांधणी या सगळ्याच्या वर आहे, तिच्याकडे डॉक्टरांचंही पुष्कळदा दुर्लक्ष होतं. टिबिया आणि फिब्युला यांना खालच्या टोकाशी एकमेकांजवळ धरून ठेवणारे बंध. ते फाटले, की खाचच रुंद होते. १९७६ साली रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी शवांच्या घोट्यांवर मोजून दाखवलं, की टेलस बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकलं तरी सांध्यातला हाडाला हाड टेकण्याचा भाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो. नखाच्या जाडीचं सरकणं, आणि तेवढ्यावरून पुढची वीस वर्षं ठरतात. गुडघा नुसत्या वयाने झिजतो. घोटा सहसा तसा झिजत नाही. घोट्याची संधिवाताची दुखणी बहुतेक जुन्या दुखापतीची असतात. कार्यकर्त्यांना मी गुडघा नाकारला त्याचं हे दुसरं कारण.

लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांची गोष्ट इथे सांगायला हवी. १७५६ साली ते ओल्ड केंट रोडवर घोड्यावरून पडले, पायाचं हाड कातडी फोडून बाहेर आलं. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. थंडीत तिथेच पडून राहून पालखीवाल्यांना बोलावणं पाठवलं, एक दरवाजा विकत घेतला, पालखीचे दांडे त्याला ठोकून घेतले आणि त्यावर निजून घरी गेले. पाय कापायची तयारी झाली होती. शेवटच्या घटकेला त्यांचे गुरू एडवर्ड नॉर्स आले आणि पाय वाचला. पुढे पॉट यांनी अस्थिभंगावर पुस्तक लिहिलं. त्यात फिब्युला घोट्याच्या वर दोन-तीन इंचांवर मोडते, आतला बंध फाटतो आणि पाऊल बाहेर निखळतं अशा इजेचं वर्णन आहे. तिला 'पॉट्स फ्रॅक्चर' हे नाव चिकटलं आणि लोक समजू लागले की त्यांचा स्वतःचा पाय तसा मोडला होता. तसं दिसत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की एक्स-रे निघायच्या सव्वाशे वर्षं आधी हा माणूस मोडलेल्या हाडाबरोबर फाटलेल्या बंधाकडेही पाहत होता. आज एक्स-रे हातात आला, 'फ्रॅक्चर नाही' असं कळलं, की सगळे घरी जातात. एक्स-रेत बंध दिसत नाहीत.

आता थोडं आपल्या बसण्याबद्दल. उकिडवं बसताना टाच जमिनीवर आणि नडगी पार पुढे. टेलस खाचेत जाऊन टेकतं, नडगीच्या हाडाची पुढची कड टेलसच्या मानेला भिडते. आयुष्यभर असं बसणाऱ्यांच्या हाडांवर त्या जागी गुळगुळीत छोट्या चकत्या उमटतात. १८९३ साली लाहोरच्या मेडिकल कॉलेजातले हॅव्हलॉक चार्ल्स यांनी पंजाबी माणसांच्या पायाच्या हाडांवर याविषयी लिहिलं, आणि १९५९ साली इंदरबीर सिंह यांनी भारतीयांच्या टेलस आणि टिबियावर तपशीलवार शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पुस्तकांवर आमच्या कित्येक पिढ्या पास झाल्या. खुर्ची वापरणाऱ्या समाजांच्या हाडांवर या चकत्या क्वचित दिसतात. म्हणजे खो-खोच्या पाटीवर खो मिळण्याची वाट पाहत बसलेल्या मुलाच्या घोट्यात जे घडतं, शेत खुरपणाऱ्या बाईच्या घोट्यात जे घडतं, ते हाडावर लिहून राहतं.

आणि जे हाडावर लिहिलेलं ते दवाखान्यालाही वाचावं लागतं. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी पाहत होते, की परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय घेऊन गेलेला शेतकरी थोड्या दिवसांत कुबड्यांवर परत येतो. त्या पायाला बूट लागत, तो चिखलात चालत नसे आणि त्याचा घोटा वाकत नसल्याने उकिडवं बसता येत नसे. रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराच्या हातांतून १९६८ च्या सुमारास रबराचा जो जयपूर फूट तयार झाला, तो अनवाणी चालतो, वाकतो, पंगतीत मांडी घालून बसतो. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव पदव्या असलेल्यांच्या सभांमध्ये मी कमी ऐकलं, म्हणून इथे मुद्दाम घेतो.

आता गुरुजींच्या वाक्याकडे.

बंध म्हणजे दोरी, असं मी इतका वेळ म्हणत आलो. ते अर्धंच खरं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बंधात कोलॅजनच्या तंतूंबरोबर मज्जातंतूंची बारीक टोकंही दिसतात. ताण किती, कोन केवढा, सांधा कुठल्या वेगाने वळतो आहे, याची खबर ती सतत मज्जारज्जूकडे पाठवतात. बंध फाटतो तेव्हा ही तारही तुटते. १९६५ साली इंग्लंडमध्ये मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मुरगळ्यानंतर 'पाय दगा देतो, पुन्हा पुन्हा वळतो' म्हणणाऱ्या बऱ्याच रुग्णांचा सांधा यांत्रिकदृष्ट्या सैल नसतोच. एका पायावर उभं केलं, की ते डगमगतात. तोल राखणाऱ्या फळीवर सराव दिल्यावर त्यांच्यात फरक पडला. हा निबंध माझ्या हातात आला तेव्हा मी ग्रंथालयात बसलो होतो, आणि मला शाळेमागचा बांध दिसला. गुरुजींनी फ्रीमन वाचला नव्हता. त्यांनी पोरांचे पाय पाहिले होते.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवू नये. मुरगळा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास घडून जातो. बंधाने खबर पाठवावी, मज्जारज्जूने हुकूम द्यावा आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाच्या स्नायूंनी पाऊल सावरावं, याला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे जमादार धावत येईपर्यंत चोर भिंतीवरून उडी मारून गेलेला. मग सरावाचा उपयोग कशाने? पुष्कळशा अभ्यासकांचं मत असं, की सरावाने पाय जमिनीवर टेकायच्या आधीच स्नायू तयारीत येतात, पाऊल टेकण्याचा कोन सुधारतो. मलाही तेच पटतं. जमीन कळणं म्हणजे ती लागण्याआधी कळणं.

उपचारांबद्दल थोडक्यात. 'विश्रांती, बर्फ, दाब, उंची' हा मंत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ च्या पुस्तकातून लोकप्रिय केला, आणि पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याला उशीर होऊ शकतो. स्वतःचं गाजलेलं मत जाहीरपणे मागे घेणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत. दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ ठीक आहे. पण पंधरवडाभर पाय उशीवरून न हलवणं बरोबर नाही. नवं कोलॅजन आधी गुंतवळासारखं, कसंही पडतं. हलक्या, बेताच्या ताणानेच त्याचे तंतू एका दिशेला लागतात, आणि हे काम महिनोन् महिने चालतं. सूज आठवड्यात उतरते, म्हणून आपली फसगत होते. चोळणं, पिळणं, 'बसवणं' हे तर पहिल्या दिवसांत अजिबात नाही.

सभागृहात शिक्षक बरेच दिसताहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट, पाठ करण्याजोगी. १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या ताज्या मुरगळ्यासाठी साधे नियम बसवले. घोट्याशी दुखत असेल, आणि आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर खालच्या सहा सेंटिमीटरांत हाडावरच दाबून दुखत असेल, किंवा इजेनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळी चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. पावलाच्या मध्याशी दुखत असेल तर करंगळीच्या हाडाचं मूळ आणि आतल्या कमानीचं हाड दाबून पाहा. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच थोडी. लहान मुलांत हाडांची वाढ चालू असते, त्यामुळे तिथे शंका आली तर डॉक्टरांनाच दाखवावं. पण चार पावलांची ही कसोटी मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या कुणालाही जमते.

आणि एक्स-रे चांगला आला म्हणजे मूल उद्या खेळायला मोकळं, असं समजू नका. ते चालू लागलं, दुखेनासं झालं, की एका पायावर उभं करा. आधी डोळे उघडे, मग मिटून. दुसऱ्या पायाशी तुलना करा. दोन्ही सारखे होईपर्यंत चढाई नाही, खो नाही. बांध मिळाला तर उत्तम. आता शाळांमागे शेतं राहिली नाहीत, तेव्हा घडी घातलेली सतरंजी चालेल.

माझं बोलणं संपलं. पाय चपलांमध्ये घालायला हरकत नाही. आभाराचं भाषण झाल्यावर आपण उत्तरेच्या दाराने बाहेर पडाल. तिथे तीन पायऱ्या आहेत आणि शेवटच्या पायरीची कड उडालेली आहे. येताना मी पाहिली, बल्बही गेलेला आहे. जपून उतरा.